कागदावर लाभांश, रुळाखाली माती: अमेरिकी यादवीतल्या छोट्या रेल्वे कंपन्यांचा जमाखर्च

जमाखर्च

मंडळी, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५) लढायांवर इथे भरपूर दळण झालंय. हा धागा वह्यांचा.

दक्षिणेकडे, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांत, युद्धाच्या सुरुवातीला साधारण ९,००० मैल रेल्वे होती. ती शंभराहून जास्त कंपन्यांत वाटली गेलेली. त्यातल्या कित्येक ५०-१०० मैलांच्या: एका टोकाला बंदर नाहीतर नदी, दुसऱ्या टोकाला कापसाचा मुलूख. बांधताना डोळ्यांपुढे होता हंगामी कापूस, वाट्याला आलं सैन्य.

या छोट्या कंपन्यांचे १८६२ ते १८६४ चे वार्षिक हिशेब पाहिले की चक्रावायला होतं. उत्पन्न दरवर्षी वर, लाभांश चोख, काहींनी तर युद्धाआधीचे रोखेही फेडून टाकलेले. आणि १८६५ मध्ये त्याच मार्गांवर रुळाखालचे लाकडी स्लीपर हाताने कुस्करावेत असे, इंजिनं भंगारात आणि गाडीचा वेग बैलगाडीला लाजवणारा. उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने रूळ तापवून झाडांना गुंडाळले ते सोडून द्या. जिथे शत्रू फिरकलाच नाही तिथेही हीच गत.

प्रश्न असा: तो नफा होता तरी काय? घसारा (मालमत्तेची वापराने होणारी झीज) कोणत्या पानावर लपला? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

तिसरी_घंटा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पोहे संपेपर्यंत पन्नास प्रतिसाद होवोत.

फिशप्लेट

रुळापासून सुरू करू, कारण छोट्या कंपनीची निम्मी-अर्धी इस्टेट जमिनीवर आडवी पडलेली असते.

दक्षिणेत बहुतेक रूळ ५० ते ६० पौंड प्रतियार्डाचे, बरेचसे इंग्लंडहून आणलेले. एका मैलाला किती टन लागतात याचं सोपं सूत्र आहे: यार्डाचं वजन गुणिले ११ भागिले ७. म्हणजे ५० पौंडी रूळ असेल तर मैलाला ७८.६ टन. ५० मैलांच्या मार्गाचे झाले सुमारे ३,९३० टन. सायडिंगा (गाडी बाजूला घ्यायचे मार्ग) वेगळ्या.

तेव्हाचा रूळ पोलादाचा नाही, घडीव लोखंडाचा. लोखंडी पट्ट्यांची चवड रचायची, लाल तापवायची आणि लाटून रूळ काढायचा. चवड नीट जुळली नसेल तर वरचा थर काही वर्षांत खारी बिस्किटासारखा पापुद्रे सोडतो. सगळ्यात आधी मार खातात ती टोकं. जोडाला बहुतेक ठिकाणी नुसती बिडाची खुर्ची (रूळ बसवायची बैठक) असे, दोन रुळांना बाजूने आवळून धरणाऱ्या पट्ट्या नसत. प्रत्येक चाक जोडावर आपटतं, टोक चेपतं, खालचा स्लीपर दबतो, मग पुढचं चाक आणखी जोरात आपटतं.

नवा रूळ मिळत नसेल तर दोन्हीकडून फूटभर कापून तोच परत बसवायचा. २४ फुटी रूळ २२ फुटी झाला. आधी मैलाला ४४० रूळ लागत, आता ४८० लागतील. म्हणजे १२ मैलांचा मार्ग असा 'दुरुस्त' केला की हाती उरतात ११ मैल, आणि वर मैलाला ४० जोड वाढले ते वेगळेच. हे वरचे रूळ आणायचे कुठून? सायडिंगमधून. सायडिंग उखडली की समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग बंद. एकेरी मार्गावर याचा अर्थ एक गाडी पूर्ण पलीकडे पोचेपर्यंत दुसरी उभी.

हिशेबाच्या वहीत या सगळ्याची नोंद काय? 'मार्ग दुरुस्ती, मजुरी अमुक डॉलर.' लोखंड कमी झालं याची नोंद शून्य.

जमाखर्च

@फिशप्लेट, हे १२ चे ११ म्हणजे थेट मर्मावर बोट. पण मग एकूण किती लोखंड दरसाल लागलं असतं?

फिशप्लेट

एप्रिल १८६३ मध्ये कंपन्यांच्या अध्यक्षांनी अंदाज बांधला होता: दक्षिणेतले सगळे मार्ग जेमतेम जागेवर ठेवायला वर्षाला ४९,५०० टन रूळ हवेत. रिचमंडचा ट्रेडेगर कारखाना आणि अटलांटाची गिरणी यांनी बाकी सगळं सोडून फक्त रूळच लाटले असते तरी २०,००० टनांवर गेले नसते. आणि बाकी सगळं म्हणजे तोफा आणि जहाजांचे चिलखती पत्रे, ते कोण सोडणार? प्रत्यक्षात नवे रूळ जवळपास निघालेच नाहीत.

अंदाज पडताळून पाहा. ९,००० मैल गुणिले ७८ टन, म्हणजे सात लाख टन. त्याचे ४९,५०० म्हणजे ७ टक्के. रुळाचं आयुष्य सरासरी १४ वर्षं धरलंय. त्या काळच्या घडीव लोखंडाला हे फुगवून सांगितलेलं अजिबात नाही.

भाडेतक्ता

आता जमेची बाजू. २६ एप्रिल १८६१ ला माँटगोमेरीत कंपन्यांचे अध्यक्ष जमले आणि उत्साहाच्या भरात स्वतःच दर ठरवून दिले. सैनिकाला मैलाला २ सेंट. दारूगोळा आणि धान्य स्थानिक दराच्या निम्म्यात. वर सरकारचे रोखे दर्शनी किमतीला घ्यायचीही तयारी.

लढाई चार महिन्यांत आटोपेल या हिशेबाने हे ठीक होतं. दर पुढे वाढवून घेतले, पण महागाई कायम दोन स्टेशनं पुढे. १८६१ च्या सुरुवातीचा भाव १ धरला तर एप्रिल १८६५ ला तो ९२ च्या आसपास होता. १८६३ सरताना सोन्याच्या एका डॉलरला सुमारे २० कागदी डॉलर मोजावे लागत.

छोट्या कंपनीची अडचण दुहेरी. तिचं युद्धाआधीचं उत्पन्न कापसाचं. उत्तरेच्या आरमाराच्या नाकेबंदीने कापूस बंदरात अडकला, ते भाडं गेलं. उरलं सरकार, तेही निम्म्या दराचं, आणि पैसे हाती येईपर्यंत सहा महिने गेले तर रक्कम तीच पण दाणा-पाणी दुप्पट महाग. लाभांश चोख दिसतो कारण भाजक जुना आहे: भांडवल १८५० च्या दशकातल्या सोन्याच्या डॉलरमध्ये, लाभांश १८६३ च्या कागदात. १० टक्के लाभांश म्हणजे खरा अर्धा टक्का.

लोहारखाना

रुळावर सगळे बोलतात, चाकाकडे कोणी बघत नाही. दक्षिणेच्या मार्गांना आधी बंद पाडलं ते चाकांनी आणि टायरनी.

वाघिणींची चाकं बिडाची, ओतीव. ओतताना साच्याच्या कडेला जाड लोखंडी कडं ठेवतात. वितळलेलं बीड त्याला टेकलं की झटकन थिजतं आणि धावेचा भाग काचेसारखा कठीण होतो, मधला भाग मऊ राहतो. मग चाक गरम असतानाच खड्ड्यात झाकून काही दिवस सावकाश निववायचं, नाहीतर आतल्या ताणाने ते आपोआप तडकतं. हे जमायला लाकडी कोळशाच्या भट्टीतलं उत्तम कच्चं लोखंड हवं. तसं लोखंड तोफांना आधी. मग मिळेल ते बीड, घाईने ओतलेलं, घाईने निववलेलं. चाक फुटलं की सहसा त्याच्यासोबत आसही जातो. एका वाघिणीला आठ चाकं.

इंजिनाच्या मोठ्या चाकांना वेगळा टायर असतो, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसाच: तापवून फुगवायचा, बसवायचा, आवळू द्यायचा. चांगले टायर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यातले. झिजून खोबण पडली की चाक काढून लेथवर सारखं करायचं. दोन-तीनदा असं केलं की टायर पातळ होऊन सैल पडतो. नवा टायर नसेल तर बाकी ठणठणीत असलेलं इंजिनही शेडमध्ये. छोट्या कंपनीकडे आठ-दहा इंजिनं असायची. दोन उघडून त्यांच्या भागांवर इतर चालवायची हा नेहमीचा मार्ग. वहीत मात्र 'इंजिनं: दहा' हे तसंच राहतं.

बॉयलरच्या नळ्यांचीही तीच कथा. तांब्याला बंदुकीचा बार उडवणाऱ्या टोप्यांनी गिळलं. तांबं इतकं दुर्मीळ की नॉर्थ कॅरोलायनातल्या टर्पेंटाइनच्या भट्ट्यांची भांडीसुद्धा त्यासाठी गेली.

आणि वंगण! उत्तरेकडून येणारं व्हेलचं तेल बंद. मग डुकराची चरबी, एरंडेल, शेंगदाण्याचं तेल. चरबी सैनिकाच्या ताटातली, तिच्यावर आधी रसदखात्याचा हक्क. कमी वंगण, त्यात धूळ, म्हणजे बेअरिंग तापणार. तापलेलं बेअरिंग विझवायला गाडी थांबवायची आणि पाण्याच्या बादल्या ओतायच्या. ज्या मार्गावर खडीच नाही, नुसता मातीचा भराव आहे, तिथे धुळीचा हिशेब करा.

तिसरी_घंटा

इंजिनाला एरंडेल. म्हणजे सकाळी गाडी वेळेवर सुटणार एवढं नक्की.

उलटतपासणी

मला हा सगळा 'बिच्चाऱ्या कंपन्या' सूर पटत नाही. लाभांश वाटणं कोणी सक्तीचं केलं नव्हतं. अध्यक्ष आणि संचालक स्वतःच मोठे भागधारक. सरकारी माल निम्म्या दरात नेतो म्हणून बोंब मारायची, आणि खाजगी व्यापाऱ्याचा माल पूर्ण दराने मिळाला की सरकारी पोती फलाटावर भिजत ठेवायची, याच्या तक्रारी त्या काळच्या सैन्याच्या पत्रव्यवहारात भरभरून आहेत. आपली वाघीण दुसऱ्याच्या मार्गावर जाऊ द्यायची नाही, कारण परत येत नाही. म्हणून प्रत्येक जंक्शनला माल उतरवा, चढवा. त्यात व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनात बरेच मार्ग ४ फूट ८॥ इंचांचे (दोन रुळांमधलं अंतर) आणि खाली दक्षिणेला ५ फुटी. सरकारने सगळं एका हाताखाली घ्यायला हवं होतं. तसा पूर्ण अधिकार देणारा कायदा झाला कधी? फेब्रुवारी १८६५ च्या अखेरीस. दुकान बंद व्हायला सहा आठवडे उरले असताना.

भाडेतक्ता

@उलटतपासणी, वाघिणींबद्दल सहमत. लाभांशाबद्दल अर्धा सहमत. समजा लाभांश न वाटता तेच पैसे घसारा निधी म्हणून तिजोरीत ठेवले. १७ फेब्रुवारी १८६४ ला कायदा आला: जुन्या नोटा बदलून घ्या, तीनच्या दोन मिळतील. निधीचा तिसरा भाग एका सहीत गेला. उरलेल्यातून रूळ घ्यायचे तर विकणारा नाही. नाकेबंदी चुकवून येणारी जहाजं छोटी आणि चपळ. त्यांना हवा हलका आणि महाग माल: औषधं, रेशीम, दारू, बंदुका. टनाला पन्नासेक डॉलर किमतीचा रूळ कोण भरणार?

म्हणून ज्यांना अक्कल होती त्यांनी कागद लवकर दुसऱ्या कशात तरी बदलला. कापूस घेऊन ठेवला, जहाज कंपन्यांचे भाग घेतले, जुने रोखे फेडले.

त्याच १७ फेब्रुवारीला सैन्यभरतीचाही कायदा झाला, त्यात रेल्वेला सूट होती: लष्करी वापरातल्या दर मैलामागे जास्तीत जास्त एक माणूस. ५० मैलांचा मार्ग, ५० माणसं. ड्रायव्हर, फोरमन, लोहार, सुतार, स्टेशनमास्तर, हिशेबनीस, अध्यक्ष, सगळे धरून. एकाच दिवशी तिजोरीही कातरली आणि वर्कशॉपही.

मुकादम

माणसांचा विषय निघालाच आहे तर वहीतलं सगळ्यात काळं पान उघडू. मार्गावरची मजुरी बहुतांश गुलामगिरीत अडकवलेल्या कृष्णवर्णीयांची. स्लीपर तोडणं, भराव घालणं, लाकूड फोडणं, इंजिनात लाकूड टाकणं, ब्रेक लावणं. काही माणसं कंपनीच्या 'मालकीची', बरीचशी मळेवाल्यांकडून वर्षाच्या कराराने घेतलेली. करार १ जानेवारीला सुरू, नाताळात संपे. भाडं मालकाच्या खिशात, अन्न-कपडा कंपनीकडे. वहीत या माणसांची जागा कधी 'मार्ग खर्च' मध्ये, कधी थेट 'मालमत्ता' मध्ये.

युद्धात मालक माणसं द्यायला कचरू लागले: मार्ग आघाडीजवळ असेल तर माणसं उत्तरेच्या सैन्याकडे पळून मुक्त होतील ही धास्ती. शिवाय तटबंदी खणायला सैन्य तीच माणसं ओढून नेई. भाडं वर्षागणिक भडकलं. काही कंपन्यांनी मग साठलेल्या कागदी डॉलरमध्ये माणसंच विकत घेतली आणि ती ताळेबंदात भरभक्कम रकमेने दाखवली. या धाग्यातल्या 'नफ्या'चा एक भाग तिथे आहे. १८६५ ला ती माणसं स्वतंत्र झाली, आणि ताळेबंदातली ती ओळ मुळात कधीच कंपनीची नव्हती हे उघड झालं.

स्लीपरचा हिशेब: दोन फुटांवर एक धरला तर मैलाला २,६४०. पाइनचं लाकूड, कसलाही लेप नाही, ओली माती: आयुष्य सहा वर्षं धरा. म्हणजे वर्षाला मैलामागे ४४० बदलायचे, ५० मैलांना २२,०००. माणसंच नसल्यामुळे चार वर्षं बदललेच नाहीत तर ८८,००० थकले, एकूण १,३२,००० पैकी. दर तीन स्लीपरपैकी दोन कुजलेले. कुजलेल्या लाकडात खिळा धरत नाही, रूळ बाहेर सरकतात, चाकं मधे उतरतात. रुळाला लोखंड तरी नव्हतं. स्लीपरसाठी जंगल दोन्ही बाजूंना उभं होतं.

खिळे म्हणाल तर दर स्लीपरला चार, मैलाला १०,५६०, वजन सुमारे अडीच टन. जुने उपटून पुन्हा ठोकले की पकड आणखी ढिली.

लोहारखाना

+१. वेग का घटला त्याचं उत्तर @मुकादम यांनी दिलं. युद्धाआधी प्रवासी गाड्या ताशी २०-२५ मैल जायच्या, शेवटी दहाच्या आत आल्या. वेग निम्मा केला की घसरण टळते, पण तेवढाच माल न्यायला इंजिनं आणि वाघिणी दुप्पट लागतात. त्याच तर नव्हत्या.

नकाशा

फिशप्लेट म्हणाले रूळ सायडिंगमधून काढले. पुढची पायरी म्हणजे अख्ख्या रेल्वेचाच बळी. जानेवारी १८६३ मध्ये सरकारने एक समिती नेमली. काम एवढंच: कोणत्या मार्गाचं लोखंड उखडलं तर कमी बिघडेल ते ठरवणं. मेला तो छोटा. ज्या शाखेचं दुसरं टोक शत्रूच्या ताब्यात, किंवा जी कुठेच जोडलेली नाही, तिचे रूळ मुख्य मार्गाला.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोपर्यंतचा ४८ मैलांचा पिडमाँट मार्ग बघा. सरकारने दहा लाख डॉलरचे रोखे दिले, १८६२ ला काम काढलं, आणि गाडी धावायला मे १८६४ उजाडला. पैसा होता, वाट मोजलेली होती, अडलं ते रूळ आणि माणसांपाशी. जुने रूळ इकडून तिकडून गोळा करावे लागले.

नौदलही दाराशी उभंच. मिसिसिपीवरच्या 'आर्कान्सा' या युद्धनौकेचं चिलखत म्हणजे चक्क रेल्वेचे रूळ, एकात एक उलटसुलट अडकवून बसवलेले.

सगळ्यात रंगतदार भांडण फ्लोरिडात. फर्नांडिना ते सीडर की ही डेव्हिड यूली यांची रेल्वे मार्च १८६१ ला पुरी झाली आणि वर्षभरातच तिची दोन्ही टोकं उत्तरेच्या आरमाराने निकामी केली. मधले रूळ नुसते पडून. फ्लोरिडा आणि जॉर्जिया जोडायला सैन्याला तेच हवे. यूली माजी सिनेटर, त्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. सैन्याच्या अधिकाऱ्याने तो बाजूला सारून रूळ काढले. जोडमार्ग तयार झाला मार्च १८६५ ला.

उलटतपासणी

म्हणजे राज्यांचे हक्क जपायला लढणाऱ्या सरकारवर त्यांच्याच माणसाने मनाई हुकूम आणला. आणि मार्ग तयार झाला तेव्हा न्यायला सैन्य उरलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या वादापेक्षा हे लांबलं.

घाटमाथा

अवांतर, पण अगदीच नाही. हाच काळ आपल्याकडे जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे). दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून इंग्लंडातल्या लँकेशरच्या कापडगिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, भोरघाट १८६३ ला खुला झाला. तिकडच्या छोट्या रेल्वेचं भाडं जिथे आटलं तिथेच इकडच्या रेल्वेला माल मिळाला.

पैशाच्या रचनेत मात्र अगदी उलट. जीआयपीच्या भांडवलावर सरकारची ५ टक्के व्याजाची हमी. कंपनीला तोटा झाला तरी भागधारकाला ५ टक्के, भरतो हिंदुस्थानातला रयत. त्यामुळे बांधकाम दणकट आणि खर्च वारेमाप. अमेरिकेच्या दक्षिणेत छोट्या कंपन्यांनी गावोगावच्या मळेवाल्यांकडून, काउंट्यांकडून (जिल्ह्यांकडून), राज्याकडून मदत गोळा करून जेमतेम मार्ग टाकलेला. खडी नंतर, पक्के पूल नंतर, दुसरी सायडिंग नंतर. तो 'नंतर' यायच्या आत युद्ध आलं.

युद्धाच्या छोट्या रेल्वेत मुंबईचाही हात आहे बरं का. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची (आजचा इथिओपिया) मोहीम मुंबईतून निघाली, तिचा सेनापती नेपिअर तेव्हा मुंबई सैन्याचा सरसेनापती. लाल समुद्राकाठच्या झुलापासून कुमायलीपर्यंत डझनभर मैलांची रेल्वे टाकली, आणि सामान गेलं मुंबईहून: वापरलेले, वेगवेगळ्या नमुन्यांचे रूळ. एका नमुन्याच्या रुळाला दुसऱ्याची खुर्ची बसत नाही. उन्हात रूळ टाकणाऱ्यांनी मुंबईच्या गोदामवाल्याला काय आशीर्वाद दिले असतील!

फिशप्लेट

@घाटमाथा, हीच चूक बालाक्लावाला (क्रिमिया, १८५५) टळली होती. तिथे पेटो, ब्रॅसी आणि बेट्स या ठेकेदारांनी विना नफा, फक्त खर्चावर काम घेतलं. १,८०० टन रूळ, ६,००० स्लीपर, चढावरची स्थिर इंजिनं, वायररोप, सगळं एका यादीने जहाजांत भरलं. फेब्रुवारीत सुरुवात, सात आठवड्यांत सात मैल. युद्धानंतर रूळ काढून मोकळे. तिथे घसाऱ्याचा प्रश्नच नाही, कारण रेल्वे वर्षभर जगली तरी पुरे होती. दक्षिणेतल्या कंपनीला युद्धानंतरही जगायचं होतं.

नकाशा

उत्तरेच्या लष्करी रेल्वेचा तक्ता पण इथेच ठेवतो. तिचे प्रमुख जनरल मॅकॅलम यांच्या अखेरच्या अहवालाप्रमाणे २,१०५ मैल, ४१९ इंजिनं, ६,३३० डबे-वाघिणी, खर्च सव्वाचार कोटी डॉलरच्या आसपास. भागधारक नाहीत, लाभांश नाही, वस्तू मागितली की ट्रेझरी देते आणि फिलाडेल्फिया-पॅटरसनचे कारखाने बनवतात. झिजलेले रूळ पुन्हा लाटायला चॅटनूगाला गिरणी बांधली, ती युद्ध संपता संपता चालू झाली.

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्याच आकड्यांवरून एक काल्पनिक ५० मैली कंपनी मांडतो. भांडवल दहा लाख डॉलर. रूळ ५० डॉलर टन आणि स्लीपर ३० सेंट हे माझे गृहीत भाव, दोन्ही सोन्यातले.

रुळांची झीज: ३,९३० टनांचे ७ टक्के, वर्षाला २७५ टन, १३,७५० डॉलर. स्लीपर: २२,००० गुणिले ३० सेंट, ६,६०० डॉलर. दोन्ही मिळून वर्षाला २०,३५० सोन्याचे डॉलर जमिनीत मुरतायत. चाकं, टायर, नळ्या, पूल अजून धरलेच नाहीत.

१८६३ अखेर लाभांश १० टक्के, एक लाख कागदी. २० ने भागा: ५,००० सोन्याचे. म्हणजे भागधारक ५,००० घेऊन खूश, आणि त्याच वर्षी कंपनी त्याच्या चौपट रेल्वे खाऊन बसलेली. वाहतूक युद्धाआधीपेक्षा जड म्हणजे झीज ७ टक्क्यांहून जास्तच.

तेव्हा @उलटतपासणी, लाभांश हा चोरीचा मुख्य माल नाही. सरकार निम्म्या भाड्यात जे वाहून नेत होतं त्याची उरलेली किंमत रूळ आणि स्लीपर भरत होते.

उलटतपासणी

पाच हजारांपुरता माझा मुद्दा कायम. बाकी हिशेब मान्य.

भाडेतक्ता

शेवटचं पान जोडतो. १८६५ ला कंपनीच्या कपाटात काय? दक्षिणेच्या सरकारचे रोखे, नोटा आणि थकलेल्या भाड्याच्या पावत्या. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ती सगळी देणी कायमची बेकायदा ठरवली. जमेचं पान फाटलं.

कंपनीच्या स्वतःच्या देण्यांची बाजू मात्र तशी पुसली गेली नाही. कागदात झालेले खाजगी करार सोन्यात किती धरायचे याचे तक्ते काही राज्यांनी कायद्याने केले, आणि १८६९ ला सर्वोच्च न्यायालयानेही अशा करारांना त्या वेळच्या खऱ्या किमतीपुरतं मान्य केलं. म्हणून ज्यांनी युद्धाआधीचे रोखे १८६३ मध्ये कागदात फेडून टाकले ते खरे हुशार. ज्यांनी फेडले नाहीत त्यांच्या दारात न्यूयॉर्क-लंडनचे धनको जुन्या व्याजासकट हजर.

आणि चालवायला इंजिनं? ती विकली उत्तरेच्या लष्करी रेल्वेने. दोन वर्षांच्या उधारीवर, ७.३ टक्के व्याजाने, दरमहा हप्ता. पडीक रुळांवर उधारीचं इंजिन: पुढच्या दशकात यातल्या कित्येक कंपन्या मोठ्यांनी गिळल्या त्याची मुळं या हप्त्यांत आहेत.

तिसरी_घंटा

पोहे संपले, चहा झाला, आता जेवणाची वेळ. जमाखर्च, ही ५० मैली कंपनी विकायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एरंडेल माझ्याकडे आहे.

फिशप्लेट

@जमाखर्च, वहीत उतरवण्याआधी एक बघा. ११/७ चं सूत्र २,२४० पौंडांच्या मोठ्या टनाचं आहे, रूळ त्यातच विकत. अमेरिकेत काही हिशेब २,००० पौंडी टनात असतात. त्यात ५० पौंडी रूळ मैलाला ८८ टन भरतो. दोन अहवालांची तुलना करताना हा फरक सुटला तर १२ टक्के लोखंड हवेतून येतं. त्या वेळच्या हिशेबनिसांना ते चाललं असतं, आपल्याला नको.